जामखेडहून भामरागडपर्यंत

अहिल्यानगरहून जामखेडची वाट धरली की सह्याद्रीचा पाऊस किती मागे राहिला ते रानंच सांगतात. ज्वारी, तूर, बांधावरच्या बाभळी, एखाद्या विहिरीच्या जिवावर उभा असलेला उसाचा तुकडा आणि पुढे बालाघाटच्या बुटक्या रांगा. दिवाळी सरली की इथल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं आणि माणसं ऊसतोडीला जातात. आदिवासी मुलखातल्या आरोग्यसेवेबद्दल लिहायचं तर थेट गडचिरोली गाठायला हवी. तरी मी मुद्दाम इथून निघालो, कारण गावातल्याच बाईला शिकवायचं आणि गावाचं आरोग्य तिच्या हाती द्यायचं, हा विचार महाराष्ट्रात खऱ्या अर्थानं मूळ धरून वाढला तो या कोरड्या तालुक्यात. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आज देशात दहा लाखांच्या आसपास आशा सेविका आहेत आणि त्यांच्या कामाची पूर्वपीठिका शोधत मागे गेलं की जामखेड लागतंच. मला पडताळून पाहायचं होतं ते इतकंच: हाच विचार एका ठिकाणी शेकडो बाळं वाचवतो आणि दुसऱ्या ठिकाणी कागदावर राहतो, तो कशामुळे? वाटेत जे पाहिलं, वाचलं आणि ताडून पाहिलं, त्यावरून माझं मत असं झालं आहे की बाई कोण निवडली आणि पुस्तकात काय छापलं, याला दुय्यम महत्त्व आहे. शिकवणारा तिच्याकडे किती वेळा परत जातो आणि शिकलेल्या गोष्टी करण्याचा अधिकार तिला मिळतो की नाही, यावर सगळं ठरतं.

आरोळे दांपत्यानं आधी प्रशिक्षित परिचारिकांना गावोगाव पाठवून पाहिलं होतं. बाहेरून आलेली एकटी मुलगी गावात रुजेना, आणि गावातल्या बायका तिच्यापाशी मन मोकळं करीनात. मग गावांनी आपल्यातल्याच बायका निवडून दिल्या. त्यांतल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पुष्कळजणी दलित होत्या, काहीजणी नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. मूल कसं तोलायचं, बाळंतपणात स्वच्छता कशी राखायची, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, खोकला कधी क्षयाचा समजायचा, हे त्यांनी शिकून घेतलं. पण त्या काय शिकल्या यापेक्षा कशा शिकल्या हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, गेल्या आठवड्यात गावात काय घडलं ते सांगायच्या, एकमेकींच्या चुका काढायच्या आणि नवा धडा घेऊन परतायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. शाळेत पाय न ठेवलेल्या बाईच्या हातात दहा वर्षांनी जे कसब दिसलं, ते कुठल्याही तीन महिन्यांच्या वर्गातून आलेलं नव्हतं. १९७१ साली या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या काही दशकांत तो आकडा पंचविशीच्या खाली आला. या उताराचं सगळं श्रेय आरोग्यसेविकांना देणं बरोबर होणार नाही. पाणी आलं, विहिरी झाल्या, शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली, जामखेडला शस्त्रक्रिया करणारं रुग्णालय होतं. पण त्या बायका नसत्या तर या गोष्टी घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचल्या नसत्या, हेही तितकंच खरं.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली जगभरच्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. तीन वर्षांनी आल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. या दोहोंच्या मधे, १९७७ साली, आपल्या केंद्र सरकारनं गावोगाव आरोग्यरक्षक नेमण्याची योजना देशभर आणली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, मग महिन्याला पन्नास रुपये मानधन. काही वर्षांतच ती योजना लंगडली आणि पुढे विस्मरणात गेली. निवडलेले बहुतेक पुरुष होते, आणि पुरुषाला बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश नाही. ही चूक सगळ्यांनाच दिसते. मला दुसरी चूक जास्त भोवलेली दिसते. तीन महिने संपले की या माणसांचं शिक्षण संपलं. ना आठवड्याची बैठक, ना कुणी येऊन त्यांचं काम पाहणं. हाताशी औषधांची पेटी होती. ती रिकामी झाली की पद उरलं, काम उरलं नाही. कल्पना जामखेडसारखीच होती, काळही तोच होता. फरक होता तो पुन्हा भेटण्याचा.

जामखेड सोडून पूर्वेला निघालं की महाराष्ट्र किती रुंद आहे ते जाणवतं. मराठवाड्याची काळी माती, मग वऱ्हाडातला कापूस, मग चंद्रपूरच्या पुढे मूल-सावलीकडे एकाएकी भाताची खाचरं आणि जुने मालगुजारी तलाव. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. तिथून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही हातांना साग, मोह आणि बांबू. याच रस्त्यावर चातगावजवळ ‘सर्च’ या संस्थेचं शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास जिल्ह्यात काम सुरू केलं. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इस्पितळाची भीती वाटते, नातेवाइकांना आत घेत नाहीत, असं उत्तर आलं. म्हणून इथं रोग्याबरोबर घरचं माणूस राहू शकेल अशी कुटीवजा घरं बांधली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. त्याआधीच राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि आधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या बायका अवघ्या ८ टक्के होत्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांना धक्का बसला. रोग घराघरांत होता आणि दवाखान्यात त्याची नोंद नव्हती. दवाखाना घरापर्यंत न्यायला हवा, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या आकड्यानं सांगितल्याचं मला आठवत नाही.

इथली एक वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. लाकडी चौकटीत बसवलेली एक मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. लहान मुलाला न्यूमोनिया झाला की श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचा पन्नास किंवा जास्त. पण दहाच्या पुढे आकडे न येणाऱ्या सुईणीनं साठ मोजायचे कसे? तर घडी उलटी करायची, पोराच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. हे साधन पाहताना मला जाणवलं की इथं अडाणीपणाचा प्रश्न उलट्या बाजूनं सोडवला आहे. सुईणीला आकडे येत नाहीत म्हणून तिला बाद करण्याऐवजी मोजण्याची रीत तिच्या हाताला जुळेल अशी केली. ज्या गावांत सुईणी, गावातले आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कार्यकर्ते यांच्या हातून प्रतिजैविक दिलं गेलं, त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत १७.५. हा निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला.

त्याहून अवघड होतं ते नवजात बाळाचं काम. १९९३ पासून ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच बायका निवडल्या; त्यांना आरोग्यदूत म्हणतात. त्यांच्या शिक्षणाची चाल बघण्याजोगी आहे. आधी बरेच दिवस फक्त घरी जायचं, बाळाचं वजन घ्यायचं, ताप पाहायचा, श्वास मोजायचा आणि वहीत लिहायचं. हात आणि नजर बसली, मग पुढची पायरी: बाळाला ऊब कशी द्यायची, दूध ओढत नसेल तर काय करायचं, जन्मतः रडलं नाही तर फुगा आणि मुखवट्यानं श्वास कसा द्यायचा. सगळ्यात शेवटी जंतुदोषावरचं जेंटामायसिनचं इंजेक्शन. निदानाचा नियमही असा की ठरलेल्या सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तरच जंतुदोष धरायचा. पंधरा दिवसांनी देखरेख करणारा डॉक्टर गावात यायचा, वहीतल्या नोंदी ताडून पाहायचा, चूक दुरुस्त करायचा आणि जायचा. बाळावर उपचार तो करत नसे. ते आरोग्यदूताचंच काम. तीन वर्षांत या गावांतले नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५ वर आले. तुलनेच्या गावांच्या मानानं ही घट ६२ टक्के होती.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. सातवी शिकलेल्या बाईच्या हाती चार दिवसांच्या बाळासाठी सुई देणं हा जिवाशी खेळ आहे, असं पुष्कळ सज्जन डॉक्टर मनापासून मानत होते. इंजेक्शन चुकलं, मात्रा चुकली तर जबाबदार कोण? उत्तर आकड्यातच आहे. उपचार सुरू होण्यापूर्वी जंतुदोष झालेल्या शंभर बाळांमागे १६.६ दगावत होती. आरोग्यदूतांनी उपचार केल्यावर २.८. जिथे बालरोगतज्ज्ञ आहे तिथे सुई त्याच्याच हातात असावी, याबद्दल वाद नाही. पण धानोऱ्याच्या जंगलातल्या गावात रात्री बाळ दूध सोडतं तेव्हा पर्याय तज्ज्ञ आणि आरोग्यदूत यांच्यात नसतो. तो आरोग्यदूत आणि काहीच नाही, किंवा आरोग्यदूत आणि पुजारी, यांच्यात असतो. शिवाय ज्या हातांवर अविश्वास दाखवला जातो त्यांच्यावर दर पंधरवड्याला देखरेख होती आणि प्रत्येक बाळाची नोंद होती. शहरातल्या किती दवाखान्यांबद्दल असं म्हणता येईल?

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. श्रीमंताला तज्ज्ञ आणि आदिवासीला गावची बाई, ही दुय्यम दर्जाची सोय आपण कायमची करून टाकतो आहोत का? भीती खरी आहे. ‘तुमच्याकडे आशा आहे ना’ असं म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातली डॉक्टरची जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवायला सरकारला निमित्त मिळता कामा नये. पण ही रीत गरीब देशांपुरती आहे, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतल्या अलास्कात रस्ते न पोचणाऱ्या मूलनिवासी खेड्यांत १९६८ पासून सरकारी पैशातून गावातलेच आरोग्यसहायक काम करतात. चार टप्प्यांत शिकतात, मधल्या काळात आपल्या गावात काम करतात, आणि दूरच्या डॉक्टरशी पूर्वी रेडिओवरून, नंतर फोनवरून बोलून औषधं-इंजेक्शनं देतात. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाला ही व्यवस्था कमीपणाची वाटत नाही, कारण तिथे सहायकाच्या पाठीशी डॉक्टर, रुग्णालय आणि विमान आहे, आणि सहायकाला पगार आहे. दर्जा ठरतो तो पाठीशी काय उभं आहे त्यावरून.

तिसरं म्हणणं मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे: आरोळे, बंग, हेमलकशाचे आमटे ही विरळा माणसं, ती असतात तिथेच हे जमतं. या माणसांबद्दल आदर ठेवूनच मी म्हणेन की या कौतुकानं कामाचं नुकसान केलं आहे. थोरवी गाऊन झाली की पद्धत शिकायची जबाबदारी संपते. २००१ नंतर ‘अंकुर’ नावानं हाच नवजात बालसेवेचा प्रयोग महाराष्ट्रात सात वेगवेगळ्या संस्थांनी आपापल्या गावांत आणि काही शहरी झोपडपट्ट्यांत केला. तिथे बंग रोज जात नव्हते. तरी नवजात मृत्यू जवळपास निम्म्यानं घटले. म्हणजे जे जमलं ते रीतीमुळे, आणि रीत शिकता येते.

मग सरकारनं ती शिकली का? अर्धी शिकली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली, आणि २०११ पासून आशांनी बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासावं असं ठरलं. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी मिळून २५० रुपये. त्यासाठी वीस दिवसांचं प्रशिक्षण, पाच-पाच दिवसांच्या चार टप्प्यांत. गडचिरोलीतल्या खेड्यांतली गोष्ट देशाचं धोरण झाली, ही लहान बाब नाही आणि मी ती मोकळेपणानं मान्य करतो. पण तिथून इथे येताना दोन गोष्टी गळाल्या. इंजेक्शन गळालं, २०१४ साली ती मुभा ठरावीक परिस्थितीत उपकेंद्रातल्या नर्सबाईला मिळाली, आशाला नाही. आणि पंधरा दिवसांनी येऊन वही ताडणारा माणूस गळाला. त्याच्या जागी गटप्रवर्तक आहे, पण वीस-पंचवीस आशा, पायी किंवा मिळेल त्या गाडीनं फिरणं आणि अहवालांचा ढीग, यात ती बाळाजवळ बसून आशाचा हात कधी बघणार? आजच्या गटप्रवर्तकाचा दिवस माहिती गोळा करण्यात जातो. आशाचाही. सर्वेक्षण, नोंदणी, मोबाइलवर भरायचे तक्ते. शिकवण्यासाठी भेटणं आणि हिशेब घेण्यासाठी भेटणं, या दोन भेटींतून दोन वेगळ्या बायका घडतात.

पैशाच्या बाबतीत मी कुठलाही बचाव करणार नाही. स्वयंसेविका म्हणायचं, कामागणिक मोबदला द्यायचा आणि अपेक्षा मात्र पूर्णवेळ कर्मचाऱ्याची ठेवायची, हे अन्यायाचं आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना पुरस्कार दिला. २०२३-२४ च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक मानधनासाठी संपावर होत्या. जामखेडच्या पहिल्या बायका पगाराशिवाय राबल्या म्हणून आजच्यांनीही राबावं, हा युक्तिवाद मला मान्य नाही. त्यांना गावात जी प्रतिष्ठा मिळाली ती मोठी होती, पण प्रतिष्ठेवर चूल पेटत नाही, आणि सरकार म्हणजे सेवाभावी संस्था नव्हे.

गडचिरोलीहून आलापल्लीमार्गे भामरागड जवळपास पावणेदोनशे किलोमीटर. जंगल दाट होत जातं, वस्त्या विरळ. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या भेटतात. त्याच्या थोडं अलीकडे हेमलकसा. १९७३ साली बाबा आमटे यांनी इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांमध्ये आयुष्य काढलं. या रस्त्यावर शेवटचा आक्षेप भेटतो, तो आशावादी माणसांचा: आता रस्ते झाले, १०८ ची गाडी आहे, बाळंतपणं दवाखान्यात होतात, तर गावच्या बाईवर इतका भर कशाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. ही मोठी प्रगती आहे. दुर्गम भागातल्या गरोदर बाईला आधीच आरोग्य केंद्राशेजारी आणून ठेवणारी माहेरघर योजनाही चांगली आहे. पण बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येते. कमी वजनाचं बाळ गारठतं, दूध सोडतं, त्याला जंतुदोष होतो तो त्यानंतरच्या दिवसांत, घरी. आणि दर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो, भामरागडचा रस्ता तुटतो, पलीकडची गावं दिवसचे दिवस अलग पडतात. मग आजारी माणसाला बाजेची डोली करून न्यावं लागतं. पुराच्या त्या दिवसांत गावात जे कसब आहे तेवढंच उपयोगाचं.

आता रोगही बदलत आहेत. ‘सर्च’च्याच पाहणीत गडचिरोलीच्या खेड्यांत मृत्यूचं सर्वांत मोठं कारण पक्षाघात आढळलं, सातातला एक मृत्यू त्यानं होतो. रक्तदाब, सिकलसेल, दारू, तंबाखू ही कामं लसीकरणासारखी एका दिवसात उरकत नाहीत. त्यांत तोच माणूस वर्षानुवर्षं त्याच घरी जावा लागतो. आशाच्या प्रशिक्षणाचे जुने वीस दिवस याला पुरणार नाहीत, आणि त्यांत आणखी पाच दिवस जोडूनही भागणार नाही. भामरागडच्या बाबतीत मला दिसतं ते असं: प्रशिक्षण जिल्ह्याच्या गावी घेण्यापेक्षा तालुक्यातच व्हावं. मुरलेल्या माडिया आशांना नव्या आशांच्या शिक्षिका म्हणून पगारी नेमावं, म्हणजे पुस्तक मराठीत असलं तरी शिकवणं माडियात होईल. गटप्रवर्तकाकडे दहाच्या वर आशा नसाव्यात आणि तिच्या भेटीतला निम्मा वेळ बाळाजवळ आणि रोग्याजवळ जावा. पुरानं तुटणाऱ्या गावांची यादी प्रशासनाकडे असतेच. त्या गावांतल्या आशांना जेंटामायसिनचं प्रशिक्षण आणि परवानगी द्यावी, आणि मे महिन्याच्या अखेरीस, नद्या चढायच्या आत, त्यांची उजळणी आणि औषधसाठा पुरा करावा.